पिसदुऱ्याहून इजिप्तला

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. या गावच्या शिवारात सापडलेल्या एका सापाचं शास्त्रीय नाव माद्त्सोइया पिसदुरेन्सिस. त्यातलं दुसरं पद गावावरून आलं हे उघड आहे. पहिल्या पदाचा मात्र विदर्भाशी, किंबहुना भारताशीच, काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, पातागोनियात राहणाऱ्या तेहुएल्चे लोकांच्या भाषेत ‘माद’ म्हणजे दरी आणि ‘त्सोई’ म्हणजे गाय. अर्जेंटिनातल्या ‘कान्यादोन वाका’ म्हणजे गायघळ या जागेच्या स्पॅनिश नावाचा तो ओबडधोबड तेहुएल्चे अवतार. सापाचं गाव वरोऱ्याजवळचं आणि गोत्र पातागोनियातल्या गायघळीचं! ही सोयरीक जुळली कशी, या एका प्रश्नाच्या मागे लागलो आणि सापांच्या कुळांचा जगाचा नकाशा मला निराळाच दिसू लागला.

तो नकाशा आधी झटपट पाहून घेऊ. आज सापांच्या ४,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यांची कुळं ३० च्या आसपास. अजगर आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात. अमेरिकेत त्यांच्या जागी बोआ. आपलं मांडूळ बोआंचं भाऊबंद. मादागास्करात बोआ आहेत, अजगर नाहीत. घोणस-फुरशांचं कुळ ऑस्ट्रेलियात पोचलंच नाही. नाग-मण्यारींच्या कुळाने तो खंड जवळजवळ ताब्यात घेतला. खापरखवल्यांचं कुळ दक्षिण भारत आणि श्रीलंका सोडून कुठेही नाही. आयर्लंड आणि न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही साप नाही.

हे सगळं कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळतं, म्हणून इथेच सोडतो. अडचण एवढीच की हा नकाशा हयात कुळांचा आहे. वारसदार उरले त्यांचीच नावं सातबाऱ्यावर लागावीत, तसा तो आहे. जी कुळं निर्वंश झाली त्यांचा त्यात पत्ता नाही, आणि एके काळी सर्वांत लांबवर पसरलेल्यांपैकी एक नेमकं निर्वंश झालेलं आहे. ते म्हणजे हे माद्त्सोइडी कुळ.

या कुळाचा पहिला माग लागला तो सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकाला. १९३०-३१ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम पातागोनियात गेली. तिचे म्होरके जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन. ते शोधत होते जुन्या सस्तन प्राण्यांचे दात आणि जबडे. एका अजस्र सापाचे मणके हाती लागले ते ओघात. १९३३ साली त्यांनी सापाचं वर्णन छापलं आणि माद्त्सोइया हे नाव दिलं. इथे गंमत अशी की हे सिम्पसन पुढे खंड सरकतात या कल्पनेचे विसाव्या शतकातले एक मोठे विरोधक ठरले. त्यांचं म्हणणं असं: खंड जिथल्या तिथे आहेत, प्राणी समुद्र ओलांडतात ते नशिबाने. पुरात वाहून आलेल्या झाडोऱ्यावर बसून एखादा जीव पलीकडच्या किनाऱ्याला लागतो. बहुतेक बुडतात, एखाद्याला लॉटरी लागते. या विचाराला त्यांनी घोड्यांच्या शर्यतीवरच्या सोडतीचं नाव दिलं होतं. खंडांच्या सरकण्याचा सिद्धांत मांडणारे आल्फ्रेड वेगेनर १९३० च्या नोव्हेंबरात ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले, तेव्हा सिम्पसन पातागोनियातच होते. ज्या सापाला त्यांनी नाव दिलं, त्याचेच भाऊबंद पुढे वेगेनरांच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहणार होते.

साक्ष म्हणजे मणके. सापाच्या अंगात शेकडो मणके असतात, आणि कवटी मात्र नाजूक हाडांची, सैल जोडलेली. साप मेला की ती आधी विखुरते. त्यामुळे सापाचा जीवाश्म म्हणजे बहुतेक वेळा सुटे मणके. ते ओळखायचे कसे? प्रत्येक मणक्याच्या पुढच्या अंगाला वर एक पाचर असते आणि मागच्या अंगाला तिच्या मापाची खोबण. एकाची पाचर दुसऱ्याच्या खोबणीत बसते, म्हणून साप इतका वळतो तरी त्याचा कणा पिळला जात नाही. माद्त्सोइयाच्या मणक्यात या खोबणीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक छिद्र असतं. शिवाय आजच्या बहुतेक सापांच्या मणक्यांना पुढच्या सांध्याजवळ जे टोक बाहेर आलेलं असतं, ते इथे नसतं. एक छिद्र असणं आणि एक टोक नसणं: एका कुळाची ओळख एवढ्यावर उभी आहे. यावर आक्षेप आहे, त्याकडे पुढे येतोच.

१९६१ साली फ्रेंच अभ्यासक रोबेर ऑफस्टेटर यांनी मादागास्करच्या मणक्यांवरून माद्त्सोइया मादागास्करिएन्सिस ही जात मांडली आणि या सापांचा वेगळा गट पाडला. त्यांनी तो बोआंच्या घरातच ठेवला होता. स्वतंत्र कुळाचा मान पुढे १९८७ साली मिळाला. मग पत्ते भराभर वाढत गेले: ब्राझील, नायजर, सुदान, स्पेन, रुमेनिया. ऑस्ट्रेलियात तर पातागोनियातलीच दोन घराणी निघाली. पातागोनिओफिस आणि अलामिटोफिस या दोन्ही प्रजाती अर्जेंटिनात आहेत आणि क्वीन्सलंडच्या मर्गन गावाजवळही. मध्ये अंटार्क्टिका. तो खंड तेव्हा हिरवा होता आणि दोन्हीकडे जोडलेला होता, हे मान्य केल्याशिवाय या नात्याचा अर्थ लागत नाही. सिम्पसन यांच्या ओंडक्यावर एकाच वेळी दोन प्रजाती बसल्या आणि दोन्ही पोचल्या असं मानणं म्हणजे एकाच घरात दोनदा लॉटरी लागणं.

आता पिसदुरा. हे गाव जीवाश्मांच्या जगात गेली दीडशेहून अधिक वर्षं माहीत आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात आहे, त्यांच्या काळापासून इथून हाडं गोळा होत आली. दख्खनचा लाव्हा पसरण्याआधीचे लामेटा थर इथे उघडे पडलेत. मोठ्या डायनोसॉरांची हाडं, कासवं आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे दगड झालेली विष्ठा. त्या दगडी गोळ्यांत २००५ साली गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. भाताच्या घराण्याशी नातं सांगणारेही त्यात होते. डायनोसॉर गवत खात होते आणि गवत आपण समजत होतो त्याहून पुष्कळ जुनं होतं, हे जगाला वरोरा तालुक्यातल्या विष्ठेने शिकवलं. याच थरातल्या मणक्यांवरून धनंजय मोहबे, जेसन हेड आणि जेफ्री विल्सन यांनी २०११ साली माद्त्सोइया पिसदुरेन्सिस मांडला. वय सुमारे ६.७ कोटी वर्षं.

यांतल्या मोहबे आणि विल्सन या जोडीची त्याआधीची एक कहाणी इथे सांगायलाच हवी. मोहबे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. गुजरातेतल्या धोली डुंगरीला त्यांना डायनोसॉरच्या घरट्याचा एक दगड मिळाला: गोल अंडी आणि शेजारी बारीक हाडं. १९८७ साली त्यांनी तो छापला तेव्हा सगळी हाडं पिल्लाची मानली गेली. २००१ मध्ये विल्सननी तो दगड पाहिला आणि त्यांना काही मणक्यांत पाचर आणि खोबण दिसली. डायनोसॉरच्या पिल्लाला हा सांधा कुठून येणार? दगड नीट सोलून काढला तेव्हा चित्र स्पष्ट झालं: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणखी दोन अंडी. वादळाने म्हणा, वाळूच्या लोंढ्याने म्हणा, सगळे एकदम गाडले गेले. २०१० साली त्याचं नाव ठेवलं सनाजे इंडिकस. हा माद्त्सोइडी कुळाच्या जवळचा. त्याची कवटीही मिळाली, आणि तिच्यावरून कळतं की याचा जबडा अजगरासारखा फाकत नव्हता. अंडं गिळणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. पिल्लू बाहेर येण्याची वाट बघणं हाच त्याचा धंदा.

मग मूळ प्रश्न: पातागोनिया, मादागास्कर आणि विदर्भ यांत एकच प्रजाती कशी? सरळ उत्तर गोंडवनाचं. दक्षिणेचे सगळे खंड एकत्र होते, त्या महाखंडाला एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिकांनी गोंडांच्या मुलखाचं नाव दिलं, आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, ही तर गोंड राजांची राजधानी; तेव्हा पिसदुऱ्याचा साप नावानिशी गोंडवनाचा. महाखंड फुटला, प्रत्येक तुकडा आपापले साप घेऊन निघाला. भारत मादागास्करपासून सुटला सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. मादागास्करचा मजुंगासॉरस आणि गुजरातचा राजासॉरस हे मांसाहारी डायनोसॉरही असेच सख्खे वाटतात. सगळं नीट बसतं.

जरा जास्तच नीट. भारत सुटल्यावर पिसदुऱ्याच्या सापापर्यंत २ कोटी वर्षं जातात. एकट्या पडलेल्या बेटावर एवढ्या काळात साप पार बदलून जायला हवे होते. शिवाय अशोक साहनींसारख्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलंय की दख्खनच्या लाव्ह्यांमधल्या गाळात उत्तरेकडच्या वळणाचे बेडूकही सापडतात. म्हणजे भारत समुद्रात तरंगत होता खरा, पण त्याचं येणं-जाणं पूर्ण तुटलेलं नव्हतं. दोन पक्ष आहेत आणि दोघांकडे हाडं आहेत. माझा कौल असा: कुळ गोंडवनाचं, प्रजातीचं नाव मात्र सैल हाताने दिलं गेलंय. मणका मोठा आणि छिद्रवाला दिसला की माद्त्सोइया, असं काही काळ चाललं. स्पेनचा एक साप आधी माद्त्सोइयात होता, २०१० मध्ये तो मादागास्करच्या मेनाराना या प्रजातीत गेला. तेव्हा पिसदुरा आणि गायघळ यांचं नातं भावा-भावाचं नसेल, चुलत घराण्यांचं असेल. तरी चालेल. कारण मला ज्या नात्यात खरा रस आहे ते दुसऱ्याच दिशेला जातं.

१९७३ साली जीवाश्म-अभ्यासक माल्कम मॅकेना यांनी सरकत्या खंडांसाठी दोन उपमा दिल्या होत्या: नोआची नौका, म्हणजे जिवंत प्राणी घेऊन जाणारा खंड; आणि व्हायकिंगांची प्रेतनौका, म्हणजे नुसती मेलेली हाडं वाहून नेणारा. भारत यातला कोणता? दख्खनच्या लाव्ह्याने इथे लाखो चौरस किलोमीटर भाजून काढले, त्याच सुमारास डायनोसॉर संपले. माद्त्सोइडी कुळ वाचलं का, हा प्रश्न होता. कच्छने उत्तर दिलं.

कच्छमधली पानांध्रो ही लिग्नाइटची, तपकिरी कोळशाची खाण. सुनील बाजपेयी यांना २००५ च्या सुमारास तिथे मोठे मणके मिळाले. इतके मोठे की बराच काळ ते मगरीचे मानले गेले. नंतर आय.आय.टी. रुरकीत देबजित दत्त आणि बाजपेयी यांनी ते साफ केले तेव्हा २७ मणके सापाचे निघाले. सर्वांत रुंद मणका ११ सेंटिमीटरहून जास्त. २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेलं नाव वासुकी इंडिकस, वय ४.७ कोटी वर्षं. लांबी ११ ते १५ मीटर. लांबीचा आकडा वर्तमानपत्रांनी उचलला आणि कोलंबियाच्या १३ मीटरच्या टायटानोबोआशी कुस्ती लावून दिली. त्या कुस्तीत मला रस नाही. आजच्या अजगर-बोआंच्या मणक्यांवरून गुणाकार करून काढलेली ती लांबी आहे, कवटी नाही, ४ मीटरचा फरक तर खुद्द अंदाजातच आहे. बातमीत जे मागे पडलं ते शोधनिबंधातल्या वंशवृक्षात होतं. वासुकीची फांदी ज्या दोन सापांबरोबर फुटते त्यांतला एक आपला पिसदुऱ्याचा, आणि दुसरा इजिप्तचा.

इजिप्तचा म्हणजे जायगँटोफिस गार्स्टिनी. फायूमच्या वाळवंटातून आलेला, १९०१ साली चार्ल्स अँड्रूज यांनी वर्णन केलेला, वासुकीहून कोटीभर वर्षांनी अलीकडचा. दत्त-बाजपेयी यांचं म्हणणं असं: घराणं भारतात वाढलं, लाव्ह्यातून तगलं; सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला टेकला, तेव्हा त्याला दार उघडलं आणि युरेशियाच्या दक्षिण काठाने ते उत्तर आफ्रिकेत उतरलं. चांद्याहून कच्छ, कच्छहून इजिप्त. मॅकेनांच्या भाषेत बोलायचं तर नौकेतून प्रवासी उतरले.

यावर पहिला हल्ला आफ्रिकेतून होतो. माद्त्सोइडी आफ्रिकेत डायनोसॉरांच्या शेवटच्या, क्रेटेशिअस काळापासूनच आहेत. नायजरमध्ये आहेत, सुदानच्या वादी मिल्कमध्ये आहेत. घरचा साप असताना बाहेरून आणायचा कशाला? हा युक्तिवाद अनेक वर्षं भक्कम होता, कारण सुदानचे थर साडेनऊ कोटी वर्षांच्या आसपासचे धरले जात. पण अलीकडे तिथल्या वालुकाश्मातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय काढलं तेव्हा ते थर क्रेटेशिअसच्या शेवटाकडे सरकले. म्हणजे सुदानचे साप पिसदुऱ्याचे पणजोबा नव्हेत, फार तर समवयस्क. आफ्रिकेत कुळ होतं, हे कबूल. पण जायगँटोफिसची घडण त्यांच्यापेक्षा भारतीयांना जवळची आहे.

दुसरा मुद्दा सिंधचा. २०१४ साली ज्यां-क्लोद राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधमधल्या, डायनोसॉर संपल्यानंतरच्या पॅलिओसीन काळातल्या थरातून जायगँटोफिसचीच नोंद केली. हे खरं असेल तर इजिप्तच्या सापाची प्रजाती इजिप्तच्याही आधी भारतीय भूपट्टावर होती, आणि आमचा खटला जिंकल्यात जमा. पण २०१७ मध्ये जॉनाथन रिओ आणि फिलिप मॅनियन यांनी इजिप्तचे मूळ मणके पुन्हा तपासले, सापाची लांबी १० वरून ७ मीटरच्या आसपास आणली आणि सिंधच्या मणक्यांना जायगँटोफिस म्हणणं टिकत नाही असं सांगितलं. मी त्यांचं म्हणणं मान्य करतो आणि तरीही मुद्दा सोडत नाही. नाव काहीही द्या. पिसदुरा आणि पानांध्रो यांच्यामध्ये २ कोटी वर्षांची पोकळी होती. सिंधचा दांडगा साप नेमका त्या पोकळीत बसतो, आणि तोही याच भूपट्टावर.

तिसरा प्रश्न वाटेतल्या पाण्याचा. भारत आणि आफ्रिका यांच्यामध्ये टेथिस या जुन्या समुद्राचे फाटे होते. याच काळात, याच किनाऱ्यांवर देवमाशांचे पूर्वज भारत-पाकिस्तानात पाण्यात शिरले आणि पुढे इजिप्तला पोचले. कच्छमधून देवमाशांची हाडंही मिळतात. पण देवमासा पोहतो, सापाचं काय? १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि बेट पार भाजून निघालं. १९०८ मध्ये अभ्यासक तिथे गेले तेव्हा जाळीदार अजगर तिथे हजर होता. जवळचा मोठा किनारा सुमारे ४० किलोमीटर. मोठे साप पाणी ओलांडतात, बेटाबेटाने पुढे सरकतात. वासुकीही दलदलीचा रहिवासी असावा. कोळशाची खाण म्हणजे जुनी दलदलच. आता हे लिहिताना सिम्पसन यांना अर्धा रुपया परत द्यावा लागतो, हे माझ्या लक्षात आहे. त्यांचं लॉटरीचं तिकीट ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर चालत नाही. इजिप्तच्या वाटेवर थोडं चालतं.

राहिला मघाचा आक्षेप, आणि तो सर्वांत जड आहे. एक टोक नसणं ही कुळाची खूण कशी? टोक नसणं हे तर आद्य सापांचंच लक्षण असू शकतं. मग माद्त्सोइडी हे कुळ नसून जुन्या सापांचं गाठोडं ठरतं आणि माझी सगळी वंशावळ उसवते. ऑस्ट्रेलियाच्या वोनाम्बी या माद्त्सोइडी सापावरून हाच वाद २००० सालापासून पेटलेला आहे. एक पक्ष त्याला आजच्या सगळ्या सापांच्या मुळाशी ठेवतो, दुसरा त्याला आजच्या सापांच्या घरातच बसवतो. मला वाटतं, गाठोडं असलंच तरी ते कडेकडेने सुटेल. छोटे साप बाहेर पडतील. पिसदुरा, पानांध्रो, फायूम हा दांडग्यांचा गाभा टिकेल.

शेवट थोडक्यात. भारतात हे कुळ लडाखच्या, वासुकीनंतरच्या ऑलिगोसीन काळातल्या थरांपर्यंत दिसतं, मग गायब. ऑस्ट्रेलियात वोनाम्बी माणूस येईपर्यंत तगला. माझा अंदाज, जबड्याने घात केला: सनाजेसारखं तोंड मर्यादित उघडणाऱ्या कुळाला आख्खं हरीण गिळणाऱ्या अजगरांपुढे दुष्काळात टिकाव लागला नसणार. बलुचिस्तान, इराण, तुर्कस्तान इथले इओसीन, म्हणजे वासुकीच्या काळातले, थर अजून पुष्कळ चाळायचे आहेत. तिथे खोबणीशेजारी छिद्र असलेला रुंद मणका निघाला, आणि तो वासुकीहून अलीकडचा आणि फायूमहून जुना असला, तर पिसदुऱ्याची वंशावळ पक्की. उलट तसाच दांडगा मणका आफ्रिकेत पिसदुऱ्याच्याही आधीच्या थरात निघाला, तर हा सगळा लेख रद्द समजावा. मी पैज इराणवर लावतो.